आधी हप्ता, मग पगार : जीवशास्त्राच्या पदवीचा हिशेब

दरवर्षी बारावीचा आणि त्यामागोमाग नीटचा निकाल लागला की आमच्या विभागाच्या दारात पालक येऊ लागतात. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी अडीच दशके गेली, त्यामुळे त्यांचे बहुतेक प्रश्न मला तोंडपाठ झाले आहेत. विषय अवघड जातो का, वसतिगृह मिळेल का, पुढे ‘स्कोप’ काय आहे. गेल्या वर्षी मात्र एका शेतकरी गृहस्थांनी निराळाच प्रश्न विचारला. त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सातबारा होता, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला होता, मुलीची गुणपत्रिका होती आणि एका खासगी विद्यापीठाचे गुळगुळीत कागदावर छापलेले माहितीपत्रक होते. बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी, तीन वर्षे, फी आणि वसतिगृह धरून वर्षाला दोन लाख रुपये. बँकेने सहा लाखांचे कर्ज देण्याची तयारी दाखवली होती. “सर, हे कर्ज पोरीच्या पगारातून किती वर्षांत फिटतं, तेवढं सांगा,” असे ते म्हणाले.

मला पटकन उत्तर देता आले नाही. माहितीपत्रकात ‘सर्वोच्च पॅकेज’ ठळक अक्षरांत होते. ते कोणत्या शाखेच्या, कोणती पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला मिळाले, याचा पत्ता नव्हता. मग पाठकोऱ्या कागदावर आम्ही दोघांनी हिशेब मांडला. व्याज साडेदहा टक्के धरले. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, पण त्या काळात सरळव्याज चढतच असते. दरवर्षी दोन लाख उचलले, तर पहिल्या दोन लाखांवर चार वर्षांचे, दुसऱ्यांवर तीन वर्षांचे आणि तिसऱ्यांवर दोन वर्षांचे असे १ लाख ८९ हजार रुपये व्याज पहिला हप्ता सुरू होण्याआधीच साचते. म्हणजे फेडीच्या पहिल्या दिवशी सहा लाखांचे ७ लाख ८९ हजार झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १०,६५० रुपये लागतात, पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे ८,७००. हा दुसरा, वरकरणी सोयीचा पर्याय घेतला, तर एकूण भरणा साडेपंधरा लाखांच्या वर जातो.

आता पगाराची बाजू. बी.एस्सी. झालेले माझे विद्यार्थी प्रामुख्याने औषध आणि खाद्यपदार्थ कारखान्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात लागतात; तारापूर, अंबरनाथ, वाळूज, लोटे परशुराम ही त्यांची ठरलेली ठिकाणे. सुरुवातीला हातात पंधरा ते बावीस हजार रुपये पडतात. वीस हजार धरले आणि दहा वर्षांचा हप्ता वजा केला, तर तारापूरजवळच्या बोईसरला तिघींत मिळून खोली घ्यायची, डबा लावायचा आणि घरी जायचे रेल्वेचे भाडे काढायचे, हे सारे साडेनऊ हजारांहून कमी रकमेत बसवायचे असते. त्या गृहस्थांनी कागदाकडे बराच वेळ पाहिले आणि “म्हणजे हप्ता आमच्यावरच यायचा,” एवढेच म्हटले. ते सहकर्जदार होते, त्यामुळे त्यांचे म्हणणे कायद्यानेही बरोबर होते.

हे काम कमी प्रतीचे आहे, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. निर्जंतुक दालनात डोक्यापासून पायापर्यंत गाऊन चढवून जायचे, ठरलेल्या जागी पोषक माध्यमाच्या पेट्री डिश चार तास उघड्या ठेवायच्या, मग त्यातल्या काही तीस ते पस्तीस अंशांवर जिवाणूंसाठी आणि काही वीस ते पंचवीस अंशांवर बुरशीसाठी उबवण यंत्रात ठेवायच्या, आणि काही दिवसांनी एकेक वसाहत मोजून नोंदवहीत सही करायची. त्या सहीवर इंजेक्शनांची अख्खी बॅच बाहेर जाते किंवा अडकते. रात्रपाळीत डुलकी लागलेल्या माणसाचे हे काम नाही. पण बाजार या जबाबदारीची किंमत कमी लावतो, कारण हे काम येणारी मुले दरवर्षी गरजेपेक्षा अधिक संख्येने बाहेर पडतात. आणि इथे मुद्द्याची गोष्ट अशी, की कारखान्यात मुलाखत घेणारा पदवीवर ‘मायक्रोबायोलॉजी’ आहे की ‘बायोटेक्नॉलॉजी’, महाविद्यालय अनुदानित आहे की विद्यापीठ खासगी, यावर पगार ठरवत नाही. माध्यम करता येते का, ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, १२१ अंशांवर किती वेळ ठेवायचे आणि का, हे तो विचारतो. काही हजारांत पूर्ण झालेली पदवी आणि सहा लाखांत घेतलेली पदवी एकाच टेबलाशी, एकाच पगारावर येऊन बसतात.

या सगळ्यावरून मी ज्या निष्कर्षाला आलो आहे तो असा : जीवशास्त्रात पैसा उशिरा येतो आणि कर्जाचा हप्ता लवकर येतो, म्हणून पदवीच्या टप्प्यावर मोठे कर्ज काढणे हा चुकीचा व्यवहार आहे, पण तो चुकीचा आहे हे कळण्याची सोय आपण पालकांसाठी ठेवलेली नाही, तेव्हा दोष त्यांच्या पदरात टाकणे योग्य नाही.

पैसा उशिरा येतो म्हणजे कसा, ते नीट पाहिले पाहिजे, कारण ‘जीवशास्त्रात पैसाच नाही’ हा सरसकट शेराही खोटा आहे. संगणक अभियंत्याची चार वर्षांची पदवी ही त्याच्या बाजारातली पूर्ण नोट असते. जीवशास्त्राची पदवी ही फार तर अर्धी नोट आहे. तिला एम.एस्सी.ची आणि पुष्कळदा पीएच.डी.ची जोड मिळाल्याशिवाय ती वटत नाही. मात्र त्या वरच्या पायऱ्यांवर, निवड झाली तर, विद्यार्थ्याला पैसे मोजावे लागण्याऐवजी मिळू लागतात. सीएसआयआर-यूजीसीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ती ४२,००० होते, घरभाडे निराळे. पीएच.डी.नंतर संशोधन सहयोगी म्हणून ५८,००० पासून सुरुवात होते. सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० आहे, जरी त्या जागांची भरती आपल्या राज्यात किती रखडते हे वाचकांना ठाऊक आहे. बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या एम.एस्सी. अभ्यासक्रमांत, गॅट-बी परीक्षेतून प्रवेश मिळाल्यास, विद्यावेतन मिळते. बारावीत मंडळाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलांना इन्स्पायर योजनेतून वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. या वाटेवर निवड कठोर आहे, विद्यावेतन महिनोन्महिने अडकते, तिशी उलटेपर्यंत घरात पैसा पाठवता येत नाही, हे सगळे खरे. तरीही या विषयात हुशार पण गरीब मुलासाठी पैशाची अशी एक शिडी उभी आहे, हेही तितकेच खरे आहे.

पदवीचे कर्ज नेमकी ही शिडी काढून घेते. नेट (संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा) किंवा जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) यांची तयारी करायला वर्ष-सहा महिने लागतात. बिनकर्जाची मुलगी त्या काळात घरी राहून, शिकवण्या घेऊन, तग धरू शकते. कर्ज असलेल्या मुलीच्या हातात एका वर्षाची मुदत असते आणि ती संपत आली की तिला मिळेल ती नोकरी धरावी लागते. तिने एम.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि बँकेने मुदत वाढवून दिली, तरी सहा लाखांवर वर्षाला ६३,००० रुपये व्याज चढतच राहते. माझ्या वर्गातली दोन अत्यंत चांगली मुले अशीच गेली. एक रात्रपाळीत वैद्यकीय कोडिंग, म्हणजे विम्याच्या बिलांसाठी आजार-उपचारांना सांकेतिक क्रमांक देण्याचे काम, करतो, दुसरी बँकेच्या परीक्षा देते. दोघेही कष्टाळू आहेत, सुखी नसतील असेही नाही, पण ज्या विषयासाठी कर्ज काढले त्या विषयातून त्या कर्जानेच त्यांना बाहेर काढले, हा व्यवहार मला तरी विचित्र वाटतो.

आता हे कर्ज मुळात का घेतले जाते? त्याचे उत्तर बी.एस्सी.च्या आधी दडलेले आहे. २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा होत्या साधारण एक लाख दहा हजार. लातूर असो, नांदेड असो की पुण्यातली शिकवणी, दोन वर्षांची फी, खोलीभाडे आणि अनेकदा ‘रिपीट’चे आणखी एक वर्ष यांत घरची शिल्लक संपलेली असते. मुलाने पीसीबी घेतल्यामुळे गणित सुटलेले असते, तेव्हा अभियांत्रिकीचे दारही बंद झालेले असते. अशा वेळी ‘बायोटेक्नॉलॉजी’ हा शब्द फार सांत्वन देतो. त्यात डॉक्टरकीचा नाही तरी प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाचा वास असतो, नातेवाइकांना सांगायला बरे वाटते, आणि ‘प्राणिशास्त्र घेतले’ म्हणण्यापेक्षा ते पुष्कळच आधुनिक ऐकू येते. माहितीपत्रके लिहिणाऱ्यांना हे पक्के माहीत आहे. निराशेच्या पंधरवड्यात घेतलेला निर्णय पंधरा वर्षांच्या हप्त्यांवर लिहिला जातो.

यात राज्याच्या धोरणाचाही हात आहे. महाराष्ट्रात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र हे जुने विभाग अनुदानावर चालतात, तिथे फी गरिबाला परवडते. बायोटेक्नॉलॉजी, बायोइन्फर्मॅटिक्स हे विषय आले तोवर सरकारने हात आखडता घेतला होता, त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावरच सुरू झाले. परिणाम असा, की एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, जवळपास तीच उपकरणे वापरणाऱ्या दोन वर्गांच्या फीमध्ये अनेक पटींचा फरक असतो, आणि ज्या विषयाला आपण भविष्याचा विषय म्हणतो तो नेमका ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याच्यासाठी राखीव होतो. जुलै २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. निर्णय चांगलाच आहे, पण खासगी विद्यापीठे त्याच्या बाहेर आहेत. म्हणजे त्या फोल्डरवाल्या गृहस्थांना त्याचा काहीच उपयोग नव्हता.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतून निवडलेल्या, मंजुरीच्या वेळी ८६० असलेल्या संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार यांच्याशिवाय कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के हमी, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होण्याआधीच्या मुदतकाळात तीन टक्के व्याजसवलत, अशी तिची रचना आहे. संस्थांची यादी निवडून केली आहे ही तिची जमेची बाजू, कारण निदान कुठल्याही माहितीपत्रकावर कर्ज मिळणार नाही. तरी एक गोष्ट लपत नाही. हमी बँकेला आहे, मुलीला नाही. हप्ता थकला तर बँकेची बरीचशी रक्कम वाचते, मुलीची पत मात्र बिघडते, आणि पुढे घरासाठी किंवा धंद्यासाठी कर्ज मागायला गेल्यावर तिला ते कळते. कर्ज सुलभ करणे आणि कर्ज फेडण्याजोगे करणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपण आजवर पहिलेच करत आलो.

परदेशातल्या एम.एस.चा विषय इथे ओझरता घेतो, कारण मराठी घरांतून तिकडे जाणाऱ्या मुलांमध्ये आता जीवशास्त्राचीही पुष्कळ मुले आहेत. अमेरिकेत दोन वर्षांसाठी पंचेचाळीस लाखांचे कर्ज अकरा टक्क्यांनी घेतले आणि तीन वर्षांनी फेड सुरू झाली, तर पंधरा वर्षे दरमहा सुमारे पासष्ट हजार रुपये भरावे लागतात. शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी विज्ञानशाखेला जास्तीत जास्त छत्तीस महिन्यांची असते. त्यापुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. हप्ते १८०, खात्रीचे महिने ३६. ज्याला परत यावे लागेल त्याला रुपयांतल्या पगारावर हे कर्ज फेडणे जवळपास अशक्य आहे. आणि गंमत अशी, की त्याच विद्यापीठांत जीवशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर सामान्यतः फी माफ होते, वर विद्यावेतन मिळते. २०२५ मध्ये तिथल्या संशोधन निधीला कात्री लागल्यावर काही विद्यापीठांनी या जागा कमी केल्या, तरी तत्त्व बदललेले नाही. इथे एम.एस्सी. करून, एखाद्या राष्ट्रीय संस्थेत दोन वर्षे प्रकल्प सहायक म्हणून काम करून मग पीएच.डी.साठी अर्ज करणे, हा लांबचा दिसणारा रस्ता बहुतेकांना कर्जाविना नेतो. हे मी वर्गात सांगतो, आणि मुले ऐकूनही घेतात, पण विमानतळावर काढलेला शेजारच्या मुलाचा फोटो माझ्या सांगण्यापेक्षा जास्त प्रभावी ठरतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. विद्या ही पगाराच्या तराजूत तोलायची वस्तू आहे का? साथ आली तेव्हा आरटी-पीसीआरच्या प्रयोगशाळा कोणी चालवल्या, पुण्यात लशीच्या कुप्या कोणी तपासल्या? जीवशास्त्राचीच मुले होती ती. प्लेगच्या साथीत वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि परळच्या संस्थेने पुढे शंभरावर वर्षे ते काम चालवले, तेव्हा कोणी परतावा मोजला नव्हता. हे सगळे मला मान्य आहे. पण मग हा युक्तिवाद शेवटपर्यंत न्यायला हवा. समाजाला हे ज्ञान हवे असेल, आणि त्याचा फायदा साऱ्या समाजाला होत असेल, तर त्याचा खर्च समाजाने उचलायचा की वाळूजला वीस हजारांवर राबणाऱ्या मुलीने? हाफकिनच्या संस्थेला सरकारचा आधार होता, तिथल्या सहायकाच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज नव्हते. विद्येचे पावित्र्य सांगायचे आणि तिची किंमत मात्र व्याजासकट एकोणीस वर्षांच्या मुलीकडून वसूल करायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

म्हणून माझी पहिली मागणी जुन्या वळणाची आहे : जिल्ह्याच्या ठिकाणी निदान एका महाविद्यालयात आधुनिक जीवशास्त्राचा वर्ग अनुदानावर असावा. दुसरी, फेड उत्पन्नाशी बांधावी. ऑस्ट्रेलियाने १९८९ साली हे केले. तिथे पदवीधराचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावरच करासोबत फेड कापली जाते, त्याखाली काही द्यावे लागत नाही. आपल्याकडे फार थोडे लोक प्राप्तिकराच्या जाळ्यात आहेत, रोखीच्या पगारावर नजर ठेवता येत नाही, हे अडथळे खरे आहेत. पण शिष्यवृत्तीवर संशोधन करणाऱ्या किंवा भविष्यनिर्वाह निधी कापला जाणाऱ्या मुलांचे उत्पन्न तर सरकारला आजही दिसते. सुरुवात त्यांच्यापासून करता येईल.

तिसरी मागणी सगळ्यांत स्वस्त आहे आणि तिला सगळ्यांत जास्त विरोध होईल, असा माझा अंदाज आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१३ मध्ये ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ सुरू केले, आणि पुढे त्यात संस्थेतल्या प्रत्येक विषयाचे पदवीधर किती कमावतात आणि किती कर्ज घेऊन बाहेर पडतात, हे कोणालाही पाहता येऊ लागले. तिथेही जीवशास्त्राच्या नुसत्या पदवीची सुरुवातीची कमाई अभियांत्रिकीच्या बरीच खाली दिसते. हे आकडे वाचायलाही शिकावे लागते, कारण जी मुले पुढे शिकायला जातात ती त्या कमाईच्या हिशेबात धरलेली नसतात. तरी वाचायला काहीतरी समोर असते. आपल्याकडे काहीच नाही असे मात्र नाही. राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणारी प्रत्येक संस्था नोकरी मिळालेल्या पदवीधरांचा मध्यक (सगळे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा) पगार दरवर्षी कळवते आणि ती माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवते. अडचण एवढीच, की तीन वर्षांच्या पदवीच्या एकाच रकान्यात कला, वाणिज्य आणि विज्ञान सगळे कालवलेले असते, आणि मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. साठांपैकी आठ जणांना नोकरी लागली असेल, तर त्या आठांचा पगार छापला जातो.

आमच्या महाविद्यालयात हा तक्ता भरण्याचे काम कार्यालयातल्या एका लिपिकाकडे आणि माझ्याकडे असते. डिसेंबर-जानेवारीत आम्ही जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून पगार विचारतो, नियुक्तिपत्रांच्या प्रती जमवतो, विभागवार याद्या करतो. म्हणजे विषयवार माहिती आमच्या कपाटात दरवर्षी तयार असते. वर पाठवताना तिची बेरीज करून ती पुसून टाकावी लागते. तक्त्यात विषयाचा एक रकाना वाढवला, आणि तो तक्ता माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर व बँकेच्या कर्जअर्जासोबत जोडणे सक्तीचे केले, तर त्या गृहस्थांना पाठकोऱ्या कागदाची गरज पडली नसती. आमच्या लिपिकाच्या मते या कामाला जास्तीचे दोन दिवस लागतील.